विद्युत् पंपाचा स्टार्टर : त्याची जोडणी व जपणूक

घाटमाथ्यावरील तळ्यांचे पाणी खोपोलीस उतरून वीज निर्माण करू लागले ते १९१५ साली. ती वीज उंच मनोऱ्यांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे गेली आणि चक्रे फिरवून मोकळे झालेले पाणी पाताळगंगेच्या पात्रात पडले. खालच्या अंगाच्या खेड्यांना पाणी मिळाले, वीज मात्र पुष्कळ वर्षांनी मिळाली. १९६० साली राज्य विद्युत् मंडळ स्थापन झाल्यावर खेडोपाडी तारा पोहोचू लागल्या. आज पनवेल व उरण तालुक्यांत जेथे जेथे शेती टिकून आहे तेथे ओढ्यावर, विहिरीवर किंवा विंधणविहिरीवर विजेचा पंप दिसतोच.

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी योजनेखाली आल्या. भातखाचरे व मिठागरे ह्यांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या. त्यापलीकडे, डोंगराच्या पायथ्याकडे व नदीकाठी, जी जमीन शेतकऱ्यांच्या हाती राहिली ती थोडी आहे, परंतु शहराची बाजारपेठ दाराशी असल्याने तिची किंमत मोठी आहे. भाताच्या कापणीनंतर वाल जमिनीतील ओलाव्यावर निघतो, भाजीपाला व रोपवाटिका मात्र सर्वस्वी पंपावर अवलंबून असतात. एप्रिलच्या उन्हात चार दिवस मोटर बंद राहिली तर पालेभाजीचा वाफा हातचा जातो. मोटर जळाल्यास तारा पुन्हा गुंडाळण्याचा खर्च अंगावर येतो तो वेगळाच. आणि हे सारे नुकसान भरून येण्यासारखे असते. ओल्या पायांनी पेटीचे दार उघडणाऱ्या माणसाला धक्का बसला तर होणारे नुकसान कशानेही भरून येत नाही.

पंपाच्या पेटीत तीन वेगवेगळे पहारेकरी असतात व त्यांची कामे वेगवेगळी आहेत, ही गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावयास हवी. फ्यूज हा तारेचा रक्षक होय. प्रवाह एकाएकी फार वाढला तर तार तापून पेट घेण्यापूर्वी तो वितळतो. स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले हा मोटरचा रक्षक. त्यात दोन धातूंच्या जोडपट्ट्या असतात. मोटर झेपेल त्याहून अधिक प्रवाह काही काळ घेत राहिली, की पट्ट्या तापून वाकतात व स्टार्टर सुटतो. माणसाचे रक्षण ह्या दोघांपैकी कोणीच करीत नाही. ते काम भूसंबंधनाचे, म्हणजे अर्थिंगचे, आणि गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणाऱ्या आरसीसीबी नावाच्या स्विचचे आहे. पुष्कळ ठिकाणी पहिले दोन पहारेकरी बिघडवून ठेवलेले असतात आणि तिसरा मुळी नेमलेलाच नसतो.

जोडणीचा क्रम साधा आहे. मीटरमधून आलेल्या तारा प्रथम मेन स्विच व फ्यूज ह्यांकडे, तेथून आरसीसीबीकडे, नंतर स्टार्टरकडे आणि शेवटी मोटरकडे जातात. मेन स्विच असा असावा की तो पाडताच तिन्ही फेज एकदम तुटतील. पेटी छातीच्या उंचीवर, भिंतीला घट्ट बसवावी. कोकणात पाऊस नैर्ऋत्येकडून मारतो, म्हणून पेटीचे तोंड त्या दिशेला नसावे. तारा वरून पेटीत उतरविल्यास पावसाचे पाणी तारेच्या अंगाने थेट आत जाते. त्या खालून घ्याव्यात आणि आत शिरण्यापूर्वी तारेला खाली लोंबता झोल द्यावा, म्हणजे थेंब झोलाच्या टोकाशीच गळून पडतो. तारेच्या छिद्रांत रबरी ग्लँड बसवाव्यात व मोकळी छिद्रे बुजवून टाकावीत. पेटीसमोर उभे राहण्याच्या जागी कोरडी लाकडी फळी किंवा रबरी चटई असावी. हे सर्व काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. तथापि कोणते काम झाले व कोणते राहिले हे पंपधारकास स्वतः ओळखता आले पाहिजे.

सामान्यतः पाच अश्वशक्तीपर्यंतची मोटर थेट जोडणीच्या स्टार्टरवर चालवितात. त्यापुढील मोटरला स्टार-डेल्टा स्टार्टर लावतात. थेट सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. स्टार जोडणीत सुरू केल्यास तोच प्रवाह एक-तृतीयांशावर येतो. अर्थात फिरविण्याचा जोरही एक-तृतीयांशच राहतो, म्हणून मोटरने पुरता वेग घेण्यापूर्वीच डेल्टाकडे फिरविणे चुकीचे होय. स्टार-डेल्टा स्टार्टरकडून मोटरकडे सहा तारा जातात. अशा वेळी मोटरच्या जोडपेटीतील पितळी पट्ट्या काढून टाकाव्या लागतात. त्या तशाच राहिल्या तर शॉर्ट सर्किट होते. नवा स्टार्टर पहिल्याच दिवशी जळाल्याच्या तक्रारींत ही चूक प्रथम पाहावी.

दुसरी नेहमीची चूक नो-व्होल्ट कॉइलच्या बाबतीत होते. वीज गेली, की स्टार्टर आपोआप सुटावा यासाठी ही कॉइल असते. तिच्यावर ४१५ किंवा २४० व्होल्ट असा आकडा छापलेला असतो. पहिली दोन फेजांमध्ये जोडावयाची असते, तर दुसरी एक फेज व न्यूट्रल ह्यांमध्ये. २४० व्होल्टची कॉइल दोन फेजांमध्ये जोडली तर ती तत्काळ जळते. ४१५ व्होल्टची कॉइल फेज व न्यूट्रलमध्ये जोडली तर तिची ओढ अपुरी पडते, स्टार्टर घरघरतो आणि त्याचे संपर्कबिंदू ठिणग्यांनी खराब होतात. वीज कमी दाबाने येत असली म्हणजेही अशीच घरघर होते व मग स्टार्टर टिकून राहत नाही. त्यावर गुंडी काडीने अडकवून ठेवणे किंवा दोरीने बांधणे असा उपाय काही ठिकाणी केलेला आढळतो. असा स्टार्टर वीज गेल्यावर सुटत नाही. रात्री-अपरात्री वीज परत आली, की मोटर कोणी जवळ नसताना सुरू होते. पंपात पाणी नसेल तर ती कोरडी फिरते. कोणी पाइप जोडीत बसलेला असेल तर काय होईल हे सांगावयास नको.

रिलेचा काटा किती अॅम्पिअरवर ठेवावयाचा हे मोटरच्या पाटीवरून ठरते, मेकॅनिकच्या अंदाजावरून नव्हे. तीन अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर सुमारे पाच अॅम्पिअर, पाच अश्वशक्तीची सुमारे साडेसात आणि साडेसात अश्वशक्तीची सुमारे अकरा अॅम्पिअर प्रवाह घेते. थेट जोडणीच्या स्टार्टरमध्ये पाटीवरील आकडाच काट्याला लावावा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले बहुधा मोटरच्या वेटोळ्यांच्या मार्गात असतो व त्यातून मुख्य तारेतील प्रवाहाच्या ५८ टक्केच प्रवाह जातो. म्हणजे पाटीवर अकरा अॅम्पिअर असेल तर काटा सुमारे ६.४ वर ठेवावा. तो अकरावर ठेवला तर मुख्य तारेत १९ अॅम्पिअर वाहू लागेपर्यंत रिले गप्प बसतो. तोवर मोटरच्या गुंडाळ्यांवरील रोगण काळे पडलेले असते. रिले वारंवार सुटतो म्हणून काटा पुढे सरकविणे हा ताप मोजणारी नळी फोडून ताप घालविण्याचा प्रकार आहे. रिले सुटतो त्या वेळी पंपात गाळ अडकला आहे काय, बेअरिंग आवळले आहे काय, विजेचा दाब उतरला आहे काय, हे पाहिले पाहिजे.

मोटर जळण्याचे सर्वांत मोठे कारण मात्र एक फेज जाणे हे आहे. डीपीवरील एक फ्यूज गेला, खांबावरील एक जोड सुटला किंवा मेन स्विचमधील एक पाते गंजले, की तीनपैकी दोनच फेज उरतात. चालू मोटर लगेच थांबत नाही. ती तशीच ओढत राहते व उरलेल्या दोन तारांतील प्रवाह पावणेदोन पटींच्या घरात जातो. बंद असलेली मोटर अशा वेळी सुरू केली तर ती फिरतच नाही, केवळ गुणगुणते आणि काही मिनिटांत जळते. म्हणून मोटर गुणगुणली पण फिरली नाही, तर दुसऱ्यांदा गुंडी दाबू नये. मेन स्विच पाडून तिन्ही फेज तपासून घ्याव्यात. ह्या संकटासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर नावाचे छोटे उपकरण मिळते. ते एक फेज जाताच किंवा फेजांचा क्रम उलटताच स्टार्टर सोडते. मोटर पुन्हा गुंडाळण्याच्या खर्चापुढे त्याची किंमत काहीच नाही. फेजांच्या क्रमाचे महत्त्व असे, की डीपीची दुरुस्ती झाल्यावर क्रम उलटला तर मोटर उलटी फिरते. पाण्यात बुडालेला पंप उलटा फिरतो आहे हे डोळ्यांना दिसत नाही, पाणी मात्र अगदीच कमी येते. कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली, की दिशा सुधारते.

नदीवरून पाणी उचलताना मीटर एका टोकाला व मोटर दुसऱ्या टोकाला असे होते. येथे तारेची जाडी निर्णायक ठरते. पाच अश्वशक्तीची मोटर मीटरपासून २०० मीटर दूर असेल आणि तांब्याची अडीच चौरस मिलिमीटर तार वापरली असेल, तर वाटेत सुमारे १६ व्होल्ट खर्ची पडतात. सहा चौरस मिलिमीटरची तार वापरल्यास हीच घट सातच्या आसपास राहते. मोटर सुरू होताना प्रवाह कित्येक पट असल्याने घट त्याहून पुष्कळ अधिक होते. मोटरचा जोर विजेच्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. ४१५ व्होल्टऐवजी ३५० व्होल्ट पोहोचले तर जोर सत्तर टक्क्यांच्या आसपास उरतो. स्वस्त बारीक तार ही अशा रीतीने दर उन्हाळ्यात आपली किंमत वसूल करते. समुद्राच्या खाऱ्या हवेत अॅल्युमिनियमची तार तांब्याच्या टोकाशी नुसती पिळून जोडली तर सांधा लवकरच पांढरा पडून सैल होतो व तापतो. तेथे दुधातूची लग वापरावी. फ्यूजमध्ये तर मोटरच्या मानाने योग्य तीच तार किंवा एचआरसी फ्यूज घालावा. फ्यूज गेला म्हणून हाताशी असलेली जाड तार पिळून बसविणे म्हणजे पुढच्या खेपेस फ्यूजऐवजी तारांना जळावयास लावणे होय.

आता तिसऱ्या पहारेकऱ्याकडे वळू. मोटरच्या धातूच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र तारांनी भूसंबंधन द्यावे, असा विद्युत् सुरक्षेचा जुना नियम आहे व तो आजही पाळावयाचा आहे. एक तार तुटली तरी दुसरी राहावी, हा त्यातील हेतू. स्टार्टरची व मेन स्विचची लोखंडी पेटीही त्याच जाळ्यात बांधावी. जमिनीत अडीच मीटर लांबीचा जस्ताचा थर दिलेला लोखंडी नळ उभा पुरून सभोवती कोळसा व मीठ भरण्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. परंतु मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात हा खड्डा कोरडा पडला म्हणजे त्याचा विद्युत् रोध वाढतो, हे सहसा कोणी पाहत नाही.

समजा, खड्ड्याचा रोध २० ओहम आहे आणि डीपीच्या खड्ड्याचा ५ ओहम. मोटरच्या सांगाड्याला एक फेज आतून टेकली. २४० व्होल्ट भागिले २५ ओहम, म्हणजे साडेनऊ अॅम्पिअरच्या आसपास प्रवाह जमिनीतून वाहील. वीस अॅम्पिअरचा फ्यूज एवढ्याने वितळणार नाही. मोटर बंद पडणार नाही. आणि सांगाड्यावर १९० व्होल्टच्या आसपास दाब उभा राहील. ओल्या बांधावर अनवाणी उभा राहून पाइपाला हात लावणाऱ्या माणसाला मृत्यू यावयास एवढा दाब पुरेसा आहे. भूसंबंधन केले आहे म्हणून निश्चिंत राहिलेल्या घरांतही असे अपघात घडतात, त्याचे गणित हे आहे.

ह्यावर उपाय म्हणून आरसीसीबी हवा. जाणारा व परतणारा प्रवाह सारखा आहे की नाही हे तो सतत ताडून पाहतो व ३० मिलिअॅम्पिअरइतकी गळती होताच क्षणार्धात वीज तोडतो. वरील उदाहरणातील गळती तर त्याच्या तीनशे पटींहून अधिक आहे. तो वारंवार पडतो म्हणून काढून टाकला गेल्याचेही दिसते. वास्तविक तो पडतो ह्याचा अर्थ मोटरमध्ये किंवा केबलच्या सांध्यात ओल शिरली आहे. त्याच्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो खरोखर पडतो याची खात्री करावी. भूसंबंधनाच्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घालावे. खारपट्ट्यात गंज लवकर चढतो, तेव्हा नळाशी असलेला तारेचा बोल्ट दर वर्षी उघडून, घासून पुन्हा आवळावा.

कोकणातील पंपाची एक विशेष अडचण आहे व देशावरील पुस्तकांत तिचा विचार क्वचितच असतो. येथे जून ते सप्टेंबर पंप बंद असतो. चार महिने दमट हवा मोटरच्या गुंडाळ्यांत मुरते. पेटीत मुंग्या वारूळ करतात, कुंभारीण माशी संपर्कबिंदूंमध्ये मातीचे घर बांधते, पालीची अंडी सापडतात, क्वचित ऊब शोधीत सापही आलेला असतो. भात निघाल्यावर घाईने गुंडी दाबली जाते आणि मोटरचा वर्षातील सर्वांत धोक्याचा क्षण तोच असतो. मेन स्विच पाडून पेटी उघडी ठेवावी, कोरड्या ब्रशाने व फुंकणीने आतील माती काढावी, गंजलेले संपर्कबिंदू पाहावेत, प्रत्येक स्क्रू आवळावा. जुना तेलाचा स्टार्टर असल्यास तेलाची पातळी पाहावी आणि पांढुरके झालेले, पाणी धरलेले तेल बदलावे. मग वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने मोटरच्या गुंडाळ्या व सांगाडा ह्यांमधील रोध मोजून घ्यावा. तो एक मेगओहमहून कमी भरला तर मोटर सुरू करू नये. उघड्यावरील मोटर असल्यास तिचे झाकण काढून दोन दिवस उन्हात ठेवावी, किंवा आडोशाला शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा तापणारा दिवा तिच्याजवळ लावून ठेवावा. गावपातळीवरील कार्यकर्त्याने दिवाळीच्या सुमारास एका वायरमनला बरोबर घेऊन एका वस्तीतील सर्व मोटरी एकाच दिवशी तपासून घेतल्या तर मेगरचा खर्चही वाटला जातो.

ऑटो स्विचविषयी शेतकऱ्यांचे मत एक व महावितरणचे दुसरे आहे. वीज रात्री येते, उठून जावे लागू नये म्हणून तो बसविला जातो. ही अडचण खोटी नव्हे, अंधारात साप-विंचवांतून विहिरीवर जाणे कोणालाच नको असते. परंतु वीज परतताच एका डीपीवरील सर्व पंप एकाच क्षणी सुरू होतात, प्रत्येक पाच-सहा पट प्रवाह मागतो आणि डीपी जळतो. मग सर्वांनाच आठवडा आठवडा अंधारात बसावे लागते. निदान विलंबाने सुरू करणारे उपकरण बसवून प्रत्येकाने वेगवेगळा वेळ लावून घ्यावा. त्याबरोबर मोटरला योग्य कॅपॅसिटर जोडल्यास डीपीवरील भार हलका होतो. तीन अश्वशक्तीस एक, पाच अश्वशक्तीस दोन व साडेसात अश्वशक्तीस तीन केव्हीएआर असे त्याचे साधारण प्रमाण आहे. कॅपॅसिटर वीज बंद केल्यावरही काही वेळ भारित राहतो, त्याच्या टोकांना लगेच हात लावू नये.

कोणाला धक्का बसून तो चिकटला असेल तर त्याला हाताने ओढू नये. प्रथम मेन स्विच पाडावा. ते शक्य नसेल तर कोरड्या बांबूने तार दूर सारावी. श्वास चालत नसेल तर छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब देत राहावे व १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. खांबावरील तार तुटून पडल्यास तिच्याजवळ न जाता महावितरणला १९१२ ह्या क्रमांकावर कळवावे.

अलीकडे सौर पंप येऊ लागले आहेत. २०१९ च्या कुसुम योजनेने व राज्याच्या योजनांनी त्यांना गती दिली आहे. त्यांच्या कंट्रोलरची रीत जुन्या स्टार्टरहून निराळी आहे. येथे मेन स्विच पाडला तरी ऊन असेपर्यंत तबकड्यांकडून येणाऱ्या तारांत वीज असतेच आणि तिचा दाब शेकडो व्होल्टचा असतो. ती एकदिश वीज असल्याने चालू भारावर प्लग ओढला तर उठलेली ठिणगी सहजी विझत नाही, लांबत जाते व हात भाजते. प्रथम कंट्रोलर बंद करावा, नंतर तबकड्यांकडील स्विच पाडावा, मगच जोड सोडवावा. अधिक व उणे टोकांची उलटापालट होऊ देऊ नये. जुन्या मोटरला असा कंट्रोलर लावताना तिच्यावरचा कॅपॅसिटर अवश्य काढून टाकावा, अन्यथा कंट्रोलर निकामी होतो. कंट्रोलर व मोटर ह्यांमधील स्विच पंप चालू असताना पाडू नये. कंट्रोलरच्या पोटातही मोठे कॅपॅसिटर असतात. सर्व स्विच पाडल्यावर त्याच्या पाटीवर लिहिलेली मिनिटे, आणि पाटी पुसली गेली असेल तर निदान दहा मिनिटे, थांबल्याशिवाय झाकण उघडू नये.